दाराखाली चार बोटं

यंदा थंडीने दिवाळी संपायची वाट बघितली नाही. सकाळी शेतातली मोटार चालू करायला निघालो तर मफलर कुठे आहे म्हणून सगळं कपाट उपसावं लागलं, आणि मफलर शेवटी मांजराखाली सापडला. तो झटकून गळ्याला गुंडाळला आणि अंगणाच्या टोकाला जी छोटी खोली आहे तिच्या दारावर, जाता जाता, हात फिरवला. फळ्या सुकून जराशा आखडल्या होत्या. दोन फळ्यांच्या जोडात नखाएवढी रेघ दिसायला लागली होती. पावसाळ्यात ही रेघ बुजते, थंडीत परत येते. ती दिसली की मला बरं वाटतं. दाराला रेघ पडलेली बघून खूश होणारा माणूस अख्ख्या रावेर तालुक्यात मी एकटाच असेन, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही.

दार देवदाराचं आहे. नाक जवळ नेलं की अजून वास येतो, थोडा गोडसर, थोडा औषधासारखा, आणि त्यात आता धूरही मुरलाय. हे दार मी स्वतःच्या हाताने केलंय. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जरा फजिती होणार आहे, आणि ती वाचताना दार कुणी केलं हे कुणी विसरू नये.

ती खोली म्हणजे सॉना. हो, सॉनाच. दगड तापवायचे, लाकडी बाकावर बसायचं, घाम काढायचा. आमच्या भागात हा शब्द काढला की माणसं आधी नीट ऐकून घेतात, मग माझ्याकडे नीट बघतात आणि मग हसतात. ‘नाना, मे महिन्यात अंगणात खाट टाका, फुकटात काम होतं,’ हे मला केळीची गाडी भरणाऱ्या हमालापासून आमच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे वैशाखात दुपारचं नळाचं पाणी अंघोळीला घ्यायचं तर आधी बादलीत निववावं लागतं. मोटरसायकलच्या सीटवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसता येत नाही.

पण लोक जळगावच्या उन्हाचंच बोलतात. थंडीचं कुणी बोलत नाही. पहाटे सातपुड्यावरून जो वारा खाली उतरतो तो कसा असतो हे केळीच्या बागेला विचारा. पानं पिवळी पडतात, वाढ आखडते, घड बाहेर यायचा तो आतच अडकून बसतो. मग आम्ही बांधाबांधावर ओला-सुका कचरा पेटवतो, धूर करतो, बागेला ऊब देतो. पहाटे पहाटे बघितलं तर साऱ्या शिवारावर धुराची चादर पसरलेली असते आणि प्रत्येक बांधावर एकेक माणूस डोळे चोळत उभा असतो. केळीला थंडी बाधली की काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. माणसाला बाधली तर काय करायचं, ते मात्र मला काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीत शिकावं लागलं.

माणूस म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. तिला चोपड्याकडच्या एका गावात दिलेली. मूलबाळ झालं नाही. भाऊजी गेल्यावर काही वर्षं तिने एकटीने शेत बघितलं, मग गुडघे बोलायला लागले, आणि एक दिवस मी आणि शोभा, म्हणजे माझी बायको, जाऊन तिला अक्षरशः उचलून घेऊन आलो. येताना गाडीत तिने अट घातली. सासरच्या गावची अहिराणी बोली तिच्या तोंडात इतकी बसलीय की रावेरला येऊनही ती सुटली नाही. म्हणाली, “मना हात चालतस तोवर मी राहसू.” माझे हात चालतायत तोवर राहीन, एवढंच. मी म्हटलं, बरं. तेव्हा त्या वाक्यात काय आहे हे मी नीट ऐकलंच नव्हतं.

तिचे हात म्हणजे काय होते हे ज्यांनी तिचे मांडे खाल्ले त्यांनाच माहीत. मांडे म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. आधी थोडी लाटायची, मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायची आणि फिरवत फिरवत मोठी करत न्यायची. अक्काची पोळी मनगट ओलांडून कोपरापर्यंत यायची, आतलं पुरण बाहेरून दिसायचं, पण पोळी फाटायची नाही. मग तापलेल्या उपड्या खापरावर ती अशी टाकायची की एक सुरकुती पडत नसे. भावाच्या घरी राहणारी बाई म्हणून तिला कुणी काही बोलेल, अशी कुणाची टाप नव्हती, कारण अख्खी गल्ली अक्षय्यतृतीयेला तिच्या हातांची वाट बघायची. ती घरात राहत होती ती त्या हातांच्या जोरावर, निदान तिच्या डोक्यात तरी तसंच होतं.

त्या थंडीत ते हात अडायला लागले. सकाळी मूठ वळली की सुटायची नाही, सुटली की वळायची नाही. संधिवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. चहाचा कप ती दोन तळव्यांत धरून प्यायची आणि आम्ही बघत नाही असं तिला वाटावं म्हणून आम्ही बाहेर कुठेतरी बघायचो. शोभा भाकरी थापताना मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसायची. घरात सगळे असे एकमेकांची नजर चुकवत होतो.

आणि मग ती सकाळ. अक्का न्हाणीघरात गेली, पाण्याचा आवाज आला, थांबला, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. शोभाने हाक मारली. आतून उत्तर आलं, “येस ना.” पुन्हा शांत. शोभा म्हणाली, “अक्का, कडी काढा बरं.” त्यावर आतून इतका वेळ काही आलं नाही की मी पेपर टाकून उठलो. शेवटी अगदी हळू आवाज आला, “निंघत नही.”

लोखंडाची कडी, गार पडलेली, ओली, आणि जरा वाकडी बसलेली. मला रोज ती कडी अंगठ्याच्या एका झटक्यात निघायची म्हणून ती वाकडी आहे हेही मला माहीत नव्हतं. मी पटाशी घालून चौकटीची पट्टी उचकटली, तेव्हा दार उघडलं. अक्का ओलं लुगडं गुंडाळून, दोन्ही हात काखेत घालून उभी होती. ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, “ओरडायचं ना, अक्का. इतका वेळ काय गप्प उभी राहिलीस?” ती म्हणाली, “गल्लीले ऐकू जातं.” आणि माझ्या बाजूने आत निघून गेली. मी ती पट्टी हातात धरून तिथेच उभा राहिलो. मला रडू येत होतं, आणि राग येत होता, आणि राग कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. मी तो कडीवर काढला. हातोडीने ठोकून उपटून टाकली.

दाराला आता कडीच नव्हती, म्हणून त्या दिवसापासून ती अंघोळीला जायची तेव्हा शोभा दाराशी उभी राहायची. चारपाच दिवसांनी अक्काने आपली पत्र्याची पेटी खाटेखालून ओढली आणि लुगडी घड्या करून आत ठेवायला लागली. शोभाने विचारलं, हे काय. अक्का म्हणाली, “संक्रांत व्हयनी का मी मना गावले जासू.” आवाजात राग नव्हता. उद्या शेवग्याची भाजी करू म्हणावं तसं म्हणाली. तिकडे त्या बंद घरात एकटी, हे असे हात घेऊन, आणि चूल पेटवायला कुणी नाही. मी भांडलो, शोभाने समजावलं, आम्ही दोघांनी शपथा घातल्या. तिने ऐकून घेतलं आणि पेटीत आणखी एक लुगडं ठेवलं. भावजयीला आपल्या अंघोळीसाठी रोज दाराशी उभं राहावं लागतं, हे तिला सोसण्यातलं नव्हतं. मग मी भांडणं थांबवलं. अक्का ऐकणारी बाई नाही, हे मला चड्डीत असल्यापासून माहीत आहे.

आमची मनीषा, मुलगी, तिकडे फिनलंडला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. दर रविवारी तिचा फोन येतो, चित्रासकट. तिला हे कळलं तेव्हा तिने उठून फोन घेऊन घरभर फिरवला आणि एका छोट्या लाकडी खोलीत नेला. बाक, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर काळे दगड. “आत्या, इथली म्हातारी माणसं यात बसतात. सांधे मोकळे होतात. घरोघरी असते.” अक्का चष्मा वर करून बघत राहिली. मग म्हणाली, “ही तं बाळंतीणनी खोली शे.”

आम्ही हसलो, पण तिचं खरं होतं. शोभाची आई लवकर गेली, म्हणून मनीषाच्या वेळचं तिचं बाळंतपण आमच्याच घरी झालं आणि ते करायला अक्का चोपड्याहून आली होती. मागच्या खोलीत बाज टाकली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि शेपा, दारावर जाड घोंगडी. आणि दाराबाहेर पाटावर अक्का. वाऱ्याची झुळूक आत जाऊ द्यायची नाही आणि फुकटच्या चौकशा करणाऱ्या बायका आत जाऊ द्यायच्या नाहीत, असा तिचा पहारा. मलासुद्धा तिने एकदा हुसकून लावलं होतं, माझ्याच लेकीला बघायला गेलो तर. गल्लीतल्या किती बाळंतिणींना तिने असा शेक दिला. ती स्वतः त्या बाजेवर कधी झोपली नाही. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतंच. पण त्या रविवारी ती फोनमधल्या खोलीकडे जशी बघत होती, ते बघून मला पहिल्यांदा ते टोचलं.

जळगावच्या डॉक्टरांना विचारून आलो. त्यांनी तिचं हृदय, रक्तदाब सगळं बघितलं. म्हणाले, चालेल, थोडा वेळ, फार तापवू नका, पाणी पाजत राहा, आणि तिला त्यात एकटीला विसरू नका. मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही विसरू म्हटलं तरी ती विसरू देणारी नाही.

मग काय, मी कामाला लागलो. ठिबकच्या जुन्या नळ्या ठेवायची खोली रिकामी केली. आतून फळ्या ठोकल्या, दोन बाक केले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून जाड पत्र्याची शेगडी करून घेतली, धुराड्यासकट. आमच्या सुकी नावाच्या नदीतून काळे गोटे आणले, आधी शेतात आगीत घालून बघितले, जे फुटले ते फेकले, जे टिकले ते घेतले. राहिलं ते दार. आणि दार म्हणजे माझा प्रांत.

इथे माझी ओळख नीट करून दिली पाहिजे. मी केळी पिकवणारा माणूस आहे, आणि तेही दोन्ही अर्थांनी: शेतात केळी लावतो आणि शेतावरच कच्ची केळी पिकवायची बंद खोलीही चालवतो. त्या खोलीत सगळा खेळ दाराचा असतो. आतली हवा आत राहिली तर घड एकसारखा पिवळा होतो, फट राहिली तर अर्धा हिरवा, अर्धा पिवळा. माझ्या खोलीची दारं मी स्वतः केली आहेत. मध्ये थर्माकोल, दोन्हीकडून पत्रा, कडेने रबराची पट्टी आणि दाबून बसवायचा लोखंडी दांडा. दार लावलं की आत उदबत्ती लावा, बाहेर वास येणार नाही. आजूबाजूच्या गावांतून लोक ते दार बघायला येतात. मग बहिणीसाठी दार करायचं म्हटल्यावर मी कसलं करणार?

केलं तसलंच. शिवाय बहिणीसाठी म्हणून बाहेरून सागवानाच्या फळ्या लावल्या, पॉलिश मारलं, आरशासारखं. अक्का बघायला आली. तिने रबराच्या पट्टीवर बोट फिरवलं, दांडा बघितला आणि म्हणाली, “भाऊ, तुले माले पिकाडानं शे का? मी केळं नही.” मी म्हटलं, “तू बघच.”

आधी मीच बसून बघणार होतो. बनियन, टॉवेल, तांब्यात पाणी. कपाशीच्या पऱ्हाट्या घालून आग केली, वर बाभळीचं लाकूड. दार ओढलं, रबर ‘फस्स’ करून बसलं, आणि काय सांगू, मला इतका आनंद झाला. सुरुवातीला आगही छान बोलत होती. मग ती कुरकुरायला लागली. ज्वाळा बसल्या, नुसतं लाल धुमसणं राहिलं, आणि धुराड्याने वर जायचा तो धूर माझ्याकडे यायला लागला. आगीलाही श्वास लागतो, हे मला पोटात असताना माहीत असेल, पण दार करताना आठवलं नाही. मी तिची हवाच बंद केली होती, आणि माझीही. डोकं जड झालं. उठून दांड्याला हात घातला तर लोखंड तापलेलं. टॉवेल गुंडाळून दांडा उचलला, दार ढकललं आणि अंगणात येऊन मातीत बसलो, खोकत.

शोभाने पाणी आणून दिलं. मला श्वास येऊ दिला. मग माझ्या लाल तोंडाकडे बघून तिने शांतपणे विचारलं, “पिकलात का?”

हसायला मलाही आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण मी हसत असताना अक्का त्या दाराजवळ गेली होती. दांडा तोवर गार झाला होता. तिने आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी तो उचलून बघितला. मग मनगटांनी रेटून बघितला. तो हलला नाही. तिने हात पदरात घेतले आणि घरात गेली.  आतून पेटीचं झाकण वाजल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी मी दारासमोर बसून होतो. इतकं सुंदर दार, आणि ते साफ चुकलं होतं. केळ्याला बाहेर यायचं नसतं. आतलं आत ठेवणं एवढंच त्या दाराचं काम. माणसाचं दार निराळं. माणसाला आत जाता आलं पाहिजे, आणि जेव्हा पाहिजे तेव्हा, कुणाला हाक न मारता, बाहेर येता आलं पाहिजे. इतकी सोपी गोष्ट. अक्काची न्हाणीघरातली ती सकाळ मी विसरलो नव्हतो, तरी माझे हात आपले सवयीने घट्टच दार करत गेले. मनीषाला फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, इथल्या दारांना कडीच नसते. आणि खाली फट असते. आणि बाहेर उघडतात. मी सांगणार होते, पण तुम्ही म्हणालात दाराचं मला सांगू नकोस.” म्हणालो होतो, खरंच.

दुसऱ्या दिवशी दार उतरवलं. जळगावला लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाला माझा जुना ओळखीचा. त्याने सवयीने सागवान काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, सागवान नको. आमच्याकडे सागवान नको म्हणणं म्हणजे लग्नात जाऊन जेवण नको म्हणण्यासारखं आहे. त्याने विचारलं, “नाना, तब्येत बरी आहे ना?” मला हलकं लाकूड हवं होतं, इतकं हलकं की दार नुसत्या खांद्याने जावं. देवदार काढायला लावलं. एकेक फळी उचलून गाठी बघितल्या, कारण गाठ तापली की त्यातून डिंक सुटतो आणि अंगाला चिकटतो. बिनगाठीच्या फळ्या निवडायला सकाळ गेली. वखारवाला चहा पाजून पाजून थकला.

ते दिवस मला फार आवडतात आठवायला. थंडीचं ऊन, अंगणात फळ्या उभ्या करून ठेवलेल्या, आणि मी रंधा मारतोय. पातळ साली निघून पायाशी गोळा होतायत, साऱ्या अंगणाला देवदाराचा वास. शेजारच्या शेतात वांगी भाजत होते कुणीतरी, भरिताचा तो खमंग धूर. अक्का खाटेवर उन्हाला पाठ करून बसलेली, कानाला मफलर, आणि तोंड चालू. “ती फळी वाकडी शे.” “नाही वाकडी.” “वाकडी शे, मी आठून बघी राहिनू.” आणि ती वाकडी असायची. पेटी भरलेली होती, संक्रांत जवळ येत होती, आणि आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द न बोलता दाराबद्दल भांडत होतो.

फळ्यांच्या कडांना खाचा करून एकमेकींत बसवल्या. मागून दोन आडव्या पट्ट्या, एक तिरकी, दार खाली लोंबू नये म्हणून. स्क्रूची डोकी खोल बुडवून वर लाकडाच्या खुंट्या मारल्या, तापलेलं लोखंड कुठेच हाताला लागू नये म्हणून. पॉलिश नाही, रंग नाही, रबर नाही. बिजागऱ्या जरा तिरप्या बसवल्या, म्हणजे दार आपल्या वजनाने आपणच येऊन टेकतं. बाहेरून मूठ केली ती निंबाच्या वाकड्या फांदीची, कोपर घालून ओढता येईल एवढी मोठी. आतून मूठच नाही. आतून फक्त ढकलायचं.

कडीवरून मोठं रामायण झालं. ज्या शोभाने अक्कासाठी न्हाणीघराच्या दाराशी पहारा दिला, तीच म्हणाली, “बाईमाणूस आत बसणार, अंगावर धड कपडा नाही, आणि दाराला कडी नाही? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोक आत येणार आहेत का?” ती म्हणाली, “तो प्रश्न नाही.” मला तिचं समजत होतं. आमच्याकडे कडी लावल्याशिवाय बाई साधी वेणी घालत नाही. मी लाकडाची एक छोटी कडी करूनही ठेवली होती, हलकी, बोटाने सरकणारी. ती मी अक्काच्या तळव्यावर ठेवली. ठरव म्हटलं. तिने ती उलटसुलट बघितली. बोटाने सरकवून बघितली, आणि ती सरकलीही. मग माझ्या हातात परत दिली. “ठेव ती कपाटमां,” म्हणाली. “बाहेर मन्या चपला दिसन्यात का समजी लेवानं.” ठरलं. दाराबाहेर चपला म्हणजे आत माणूस. अजून तोच नियम आहे.

आणि खाली चार बोटं फट. शेगडीला हवा मिळायला ती लागतेच. तरी ती ठेवताना मला जो त्रास झाला तो मी सांगू शकत नाही. दार चौकटीत उभं केलं आणि खालून उजेड दिसला. ज्याच्या दाराखालून मुंगी जात नाही म्हणून लोक बघायला येतात, त्याच्या दाराखालून मांजराने पाय घालून बघितला. मी त्याला हाकललं.

पहिले दोनतीन दिवस शोभा तिच्याबरोबर आत बसली. मग एका संध्याकाळी अक्का म्हणाली, मी एकटी बसेन. जुनं सुती लुगडं नेसून ती आली, चपला काढल्या, निंबाच्या फांदीत कोपर घातलं आणि दार ओढून आत गेली. दार आपणच येऊन टेकलं. मी आणि शोभा अंगणात. आतून दगडांवर पाणी टाकल्याचा चर्र आवाज, मग तिचं काहीतरी पुटपुटणं, मग शांत. मला न्हाणीघरातली ती शांतता आठवायला लागली. मी दोनदा उठलो. शोभाने दोनदा हाताला धरून बसवलं.

मग दार हललं. अक्काने खांद्याने ढकललं होतं, नुसतं खांद्याने, गर्दीतून वाट काढावी तसं. ती बाहेर आली, अंगातून वाफ निघत होती, तोंड लाल, आणि दोन्ही हात पदराखाली. तिने हात वापरलेच नव्हते. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी ऐट म्हणेन. चपलांत पाय घालून ती आमच्या समोरून गेली आणि जाता जाता म्हणाली, “लाकूड वाकडंच शे तिकडनं.” मी इतका हसलो की शोभाला वाटलं मला पुन्हा धूर लागला.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, उगाच कुणी माझ्या अंगणात रांग लावू नये. गोळ्या चालूच आहेत. बोटं सकाळी अजूनही अडतात. पण संध्याकाळी शेक घेतल्यावर ती सुटतात, आणि त्या वर्षी संक्रांतीला तिने तिळाचे लाडू वळले, थोडे वाकडेतिकडे. संक्रांत गेली. दुसऱ्या दिवशी मी शेतातून आलो तेव्हा तिची लुगडी दोरीवर वाळत होती, पेटीतलीच, सगळी. पेटी खाटेखाली गेली होती. पुढे अक्षय्यतृतीयेला मांडे केले, कोपरापर्यंत नाही आले, मनगटापर्यंतच आले. गल्लीने तेवढेही मोजून वाटून खाल्ले. आणि ज्या हमालाने मला अंगणात खाट टाकायला सांगितलं होतं तो आता दर थंडीत कंबर धरून येतो आणि विचारतो, “नाना, चपला दिसत नाहीत, बसू का?”

अक्का आत असली की मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. पेपर वाचतो असं दाखवतो. डॉक्टर म्हणाले होते ना, विसरू नका. ते निमित्त. खरं म्हणजे दार मी केलंय, ते उघडतं हे मला माहीत आहे, रोज उघडताना बघतो, तरी मला घरात बसवत नाही. शोभा म्हणते, तुम्हाला दाराचा अभिमान आहे, विश्वास नाही.

यंदाच्या पहिल्या थंडीत, परवाच, असाच बसलो होतो. खुर्ची जरा पुढे सरकली असेल. अक्काने आतून खांदा लावला आणि दार येऊन खुर्चीला ठप्प लागलं. पुन्हा लागलं. मी घाईने उठलो. दार उघडलं, वाफ बाहेर आली आणि तिच्यामागून अक्का. मला बघितलं, खुर्ची बघितली, पेपर बघितला. पेपर उलटा होता.

“दारमां कसाले बठना?” ती म्हणाली. “बाजूले व्हय.”

मी बाजूला झालो. ती बाहेर आली, माझ्या गुडघ्यांकडे बघत उभी राहिली. सकाळपासून मी लंगडत होतो, कुणाला सांगितलं नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची आपल्या बाजूला ओढली. “जाय आत. दगड गरम शेतस. मी बठस आठे.” मी म्हटलं, “तुला गार लागेल.” तिने घोंगडी मागितली, शोभाने आणून दिली, ती गुंडाळून खुर्चीत बसली, जशी पूर्वी बाळंतिणीच्या दाराबाहेर पाटावर बसायची तशीच.

मी चपला काढल्या आणि आत गेलो. दार आपणच येऊन टेकलं. खालच्या बाकावर बसलो, अंधार, दगडांचा लालसर उजेड, देवदाराचा वास. दाराखालच्या चार बोटांतून अंगणातला दिवा आत येत होता, आणि त्या उजेडात अक्काची दोन पावलं दिसत होती, अगदी दाराला लागून. अंग कधीच तापून निघालं होतं. नुसता खांदा लावला असता तरी दार गेलं असतं. पण मी आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.